त्या दिवशी ताई कुठून उठेल

आत्यांनी आपला निर्णय सांगितला तो रविवारी, उपासना आटोपून आम्ही जेवायला बसलो तेव्हा. आवाज असा, की उद्या दूध जास्त नको म्हणून सांगतायत.

"मी गेल्यावर मला पुरू नका. मेडिकल कॉलेजला देऊन टाका. तिथल्या बाईंशी बोलून ठेवलंय मी. फक्त जवळच्या नातेवाइकाचा होकार लागतो, आणि जवळचा म्हणजे हा."

'हा' म्हणजे माझे सासरे. त्यांनी चमचा ताटात ठेवला, "नाही" म्हणाले, आणि चमचा पुन्हा उचलला.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मीठ दे जरा."

या घरात भांडणं अशीच होतात. आवाज कुणाचाच चढत नाही, पण मागे कुणी हटतही नाही. भाऊ आणि बहीण, दोघं एकाच मातीचे. आत्या म्हणजे जन्मभर मोठ्या इस्पितळातल्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर. लग्न केलं नाही. भलेभले सर्जन त्यांच्यापुढे हात धुऊन उभे राहायचे, अगदी खरोखरच. बाबा त्यांच्याहून लहान, गाड्यांचे मेकॅनिक. सत्तरी उलटली तरी आत्यांच्या तोंडी ते बाळ्याच. आत्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. त्यांचं हृदय थकलं होतं. पावलं सुजायची, दोन पायऱ्या चढल्या की दम लागायचा. फार दिवस नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, कारण त्यांनी स्पष्टच विचारलं होतं.

बाबांचा नकार समजायचा तर त्यांच्या पायाची गोष्ट माहीत हवी. साखरेपायी त्यांचा उजवा पाय गेला, गुडघ्याखाली. आत्यांच्या नोकरीचं तेव्हा शेवटचं वर्ष. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी त्यांचा हात धरून वचन घेतलं: पाय टाकून द्यायचा नाही. आत्यांनी शब्द पाळला. तो पाय त्यांनी स्वतः पांढऱ्या कापडात गुंडाळला, लाकडी पेटीत ठेवला आणि दफनभूमीत माझ्या सासूबाईंच्या शेजारी, बाबांसाठी राखलेल्या जागेत पुरून घेतला. त्या वेळच्या पाळकांना कुठली प्रार्थना म्हणावी ते सुचेना. बाबा अजून सांगतात, "लोक नुसतं म्हणतात, याचा एक पाय कबरीत. माझा आहे."

थट्टा करायचे, पण त्यामागचा विश्वास थट्टेचा नव्हता. शेवटच्या दिवशी तुतारी वाजेल, कबरी उघडतील, मेलेले देहासकट उठतील आणि न्यायासनासमोर उभे राहतील. प्रभू उठला तोही देहासकट, हातांवरच्या जखमांसकट. बाबांनी आयुष्यभर इंजिनं खोलली आणि जोडली. जोडताना एक वॉशर कमी पडला तर सगळं गॅरेज झाडून काढायला लावायचे. देवाला आपला सुटा भाग शोधत बसावं लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी आत्यांना औषधं द्यायला मी खाली गेले, तर बाबा आधीच तिथे खुर्ची ओढून बसले होते.

"आणि जे जळाले त्यांचं काय?" आत्या विचारत होत्या. "जे समुद्रात बुडाले, माशांनी खाल्ले, त्यांचं?"

"त्यांचं देव बघून घेईल. त्याला काय अशक्य आहे?"

"मग माझंही बघेल की."

"त्यांचा नाइलाज होता, ताई. तुझा नाही. आपल्या हातात असताना आपणच का मोडतोड करायची?"

आत्यांनी गोळ्या घेतल्या, पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "न्यायाच्या दिवशी मला काय विचारतील असं वाटतं तुला? सगळे अवयव मोजून आणलेस का, असं? मला विचारतील, भुकेल्याला दिलंस का, आजाऱ्याकडे गेलीस का."

"तू जन्मभर आजाऱ्यांकडेच गेलीस."

"मग शेवटी रजा का घेऊ?"

आत्यांनी उशीला पाठ टेकली आणि मी पूर्वी कधी न ऐकलेली गोष्ट सांगितली. एक नवा डॉक्टर होता, हुशार. पण तो शिकत होता त्या वर्षी कॉलेजात देहच आले नव्हते. एकेका टेबलाभोवती वर्गच्या वर्ग, आणि हा बुटका, मागच्या रांगेत. टेबलावर कुणाचा तरी हात दिसला तर दिसला. पुढे एका बाईच्या ऑपरेशनमध्ये त्याच्याकडून रक्तवाहिनी कापली गेली. मोठे सर्जन दुसऱ्या टेबलावर अडकलेले.

"मी त्याच्या शेजारी उभी होते, बाळ्या. रक्त कुठून येतंय ते त्याला सापडेना. मला दिसत होतं, पण माझ्या हातात चाकू नव्हता."

"वाचली का ती?"

"नाही."

बाबांनी काठी हातात घेतली. मग उठले. दारापाशी जाऊन म्हणाले, "तरी नाही."

मी गाडी चालवायला शिकवते. शिकवणीच्या गाडीत डावीकडच्या सीटलाही ब्रेक असतो, आणि बाबांना कुठे न्यायचं तर ते त्याच जागेवर बसतात. पुढे मांजर दिसलं तरी ते उरलेल्या पायाने ब्रेक मारतात. त्या आठवड्यात पाळकसाहेबांकडे जाताना आम्ही रस्ताभर असे गचके खात गेलो.

पाळकसाहेब वयाने तरुण, माझ्या नवऱ्याहूनही लहान. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि बियाचं उदाहरण दिलं. पेरलेलं बी मातीत कुजतं, झाड त्याचंच येतं, पण बियासारखं दिसत नाही. देव देईल तो देह नवा असेल आणि तरी आपलाच असेल.

"कसा?" बाबांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही."

"म्हणजे मी पाय पुरला ती चूक?"

"नाही हो. तुम्ही तो देवाच्या भरवशावर पुरलात. त्या भरवशावर ठेवलेली वस्तू कुठेही ठेवलेली चालते, एवढंच म्हणतोय मी."

बाबांना ते पटलं नाही, पण त्यांनी खोडलंही नाही. मग म्हणाले, "आणि मधल्या काळात? मरणापासून त्या दिवसापर्यंत ती कुठे असेल?"

"विश्वासात गेलेला माणूस प्रभूजवळ असतो असं शास्त्र सांगतं. निजलेला असतो असंही सांगतं. मी दोन्ही मानतो."

"एका कुलपाला दोन किल्ल्या? जवळ असतो की निजलेला?"

"तुम्ही लहानपणी आईच्या कुशीत झोपायचात, तेव्हा जवळ असायचात की निजलेले?"

बाबांनी मान हलवली आणि काठी उचलली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पोरगा बरा आहे. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नाही."

"कुठला प्रश्न, बाबा?"

त्यांनी पुढे बोट दाखवलं. "तुझा सिग्नल सुटलाय," म्हणाले.

तो प्रश्न मला कळला आत्यांना इस्पितळात ठेवलं तेव्हा. श्वास फारच लागायला लागला होता. नाकाला नळी लावली होती, तरी त्या वॉर्डातल्या नर्सेसना सलाइनच्या बाटल्या कशा टांगायच्या ते सांगतच होत्या. बाबा खाटेशेजारी बसले. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग एकदम म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी उठेन. एका बाजूला आई असेल, पलीकडे हिची सासू असेल. आणि तुझ्या जागी नुसती माती. मी काय करू? कुठे बघू?"

आत्यांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "एवढंच होतं होय? मला वाटलं तू देवाची बाजू लढवतोयस."

"एवढंच म्हणजे? हे काय थोडं आहे?"

"थोडं नाही," आत्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात खाटेच्या कडेवरून बाबांच्या मनगटावर आला. बोलताना त्यांना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "स्टेशनवर हरवला होतास, आठवतं? आईने बजावलं होतं, हरवलात तर हलू नका. तू कुठे गेलास? पूल ओलांडून पार मालगाडीपाशी जाऊन रडत बसलास. सापडलास ना?"

"तू शोधत आलीस म्हणून."

"मग झालं तर. आणि त्या दिवशी शोधायला येणारा माझ्यापेक्षा बरा आहे."

बाबांचे डोळे भरले होते, पण मान नकारार्थीच हलली. "मला नाही जमणार, ताई."

"मी वचन मागत नाही तुझ्याकडे. माझा जबाब मी देईन, तुझा तू दे. मी गेले की देवापुढे मान वर करून सांगता येईल ते कर. पण बघितल्याशिवाय नाही म्हणू नकोस. बॉनेट न उघडता गिऱ्हाइकाला परत पाठवायचास का कधी?"

दोन दिवसांनी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, नकली पाय पट्टे आवळून बसवला आणि म्हणाले, "सूनबाई, गाडी काढ. कॉलेज बघून येऊ."

शरीररचना विभागाच्या प्रमुख बाई चष्मा केसांत खोचून बसणाऱ्या, मोठमोठी पावलं टाकणाऱ्या. आत्यांचं नाव निघताच हसल्या. शिकत असताना केस नीट बांधले नाहीत म्हणून आत्यांनी त्यांना थिएटरबाहेर काढलं होतं म्हणे. सहसा नातेवाइकांना आत नेत नाहीत, पण वर्ग सुटल्यावर त्या आम्हाला घेऊन गेल्या.

लांब, थंड खोली. औषधाचा वास असा की डोळे चुरचुरले. स्टीलची टेबलं, प्रत्येकावर कापडाने झाकलेलं कुणीतरी. मी दारातच थांबले. बाबा आत गेले. त्यांच्या नकली पायाचा टक टक आवाज फरशीवर घुमत होता. ते एका टेबलापाशी थांबले आणि गॅरेजमध्ये दुसऱ्या मेकॅनिकशी बोलावं तसं बोलायला लागले.

"काढलेला भाग कुठे ठेवता?"

बाईंनी टेबलाखालचा झाकणाचा डबा दाखवला. टेबलाला जो क्रमांक, तोच डब्याला. "त्या माणसाचं जे जे, ते सगळं त्याच डब्यात. अगदी बारीकसुद्धा."

"एकाचं दुसऱ्यात जात नाही?"

"नाही. पहिल्या दिवशी मुलांना मी हेच शिकवते, बाकी सगळं नंतर."

"आणि शिकून झाल्यावर?"

"घरच्यांनी मागितलं तर घरच्यांना देतो. वेळ लागतो पण. दोन वर्षं, कधी जास्त."

बाबांनी झाकण उचललं नाही, फक्त त्यावर हात ठेवला. मग शेजारच्या टेबलाकडे वळले. "यांच्या घरचे कोण?"

"यांचं कुणी आलं नाही. रस्त्यावर सापडले. नावही माहीत नाही."

बाबांनी टोपी काढली. काठी टेबलाला टेकवली, डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. मला आश्चर्य वाटलं. आमच्या चर्चच्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. श्वास थांबला की माणसाचा हिशोब देवाकडे गेला, मागून कुणाची शिफारस चालत नाही, हे मला लग्नानंतर बाबांनीच ठासून शिकवलं होतं.

परत येताना मी ते बोलून दाखवलं.

"त्याच्यासाठी नाही केली," बाबा म्हणाले. "जो त्याला उठवणार आहे त्याला सांगितलं, हा इथे आहे, लक्षात असू दे."

आत्या गेल्या त्या एका दुपारी, नर्स उशी सारखी करत असताना. शेवटचं बोलणं काही फार मोठं नव्हतं. खोळीचं उघडं तोंड दाराकडे ठेवू नये, म्हणून त्यांनी त्या मुलीला टोकलं. मुलीने उशी फिरवून ठेवली आणि बघते तर आत्या गेलेल्या.

बाबांना घेऊन मी पोहोचले तेव्हा माझा नवरा तिथेच होता. त्याने त्यांना बाजूला घेतलं. "बाबा, आता आत्याला काय कळणार आहे? आपल्या जागेत ठेवू या. तुम्हालाही बरं वाटेल, लोकांची तोंडंही बंद."

बाबा आत जाऊन बहिणीजवळ थोडा वेळ बसले. मग बाहेर आले. "तिला कळेल की नाही ते मला माहीत नाही. मला कळेल. कॉलेजला फोन लाव."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये नेहमीसारखी उपासना झाली. गाणी झाली, शास्त्रातलं वचन वाचून झालं. फरक एवढाच, की पेटी उचलल्यावर दफनभूमीकडे न वळता पायऱ्या उतरून कॉलेजच्या गाडीकडे गेली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मंडळीचे खजिनदार बाबांच्या वयाचे, त्यांच्याबरोबर एकाच बाकावर बसून म्हातारे झालेले. त्यांना राहवलं नाही.

"तुम्ही स्वतःचा पाय पुरलात, आणि सख्खी बहीण अशी पाठवता?"

"पाय माझा होता," बाबा म्हणाले. "ती तिची होती."

"त्या दिवशी काय उत्तर द्याल?"

"तिचं ती देईल म्हणालीय. माझं मी तयार करतोय."

गाडी फाटकातून निघाली, वळणावरून दिसेनाशी झाली. बाबा पायरीवरच उभे होते. मी खुर्ची आणली, ते बसले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी चहातली साखर बंद केली. डॉक्टर, आत्या, मी, सगळ्यांनी वर्षानुवर्षं डोकं फोडलं होतं, तेव्हा ढिम्म हलले नव्हते. आता सकाळ-संध्याकाळ जिन्यात चढउतार सुरू झाली. इंजेक्शनची वेळ चुकली तर मलाच बोलायचे. मी विचारलं तर म्हणाले, "ताई परत यायच्या आत मला जाऊन चालणार नाही. तिला ठेवणार कोण, तुझा नवरा? त्याला खिळा ठोकता येत नाही."

मधला एक हिवाळा वाईट गेला. न्यूमोनियाने ते महिनाभर खाटेला होते. डॉक्टरांनी आम्हाला तयारीत राहायला सांगितलं. बाबांनी ते ऐकलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "माझं एक काम अडकलंय." वसंतात ते पुन्हा जिन्यात होते.

कॉलेजचा फोन आला तेव्हा दोन वर्षं कधीच उलटून गेली होती. पेटी लहान होती. बाबांनी ती स्वतः मांडीवर घेतली. दफनभूमीत विभागप्रमुख बाई आल्या, आणि त्यांच्याबरोबर काही विद्यार्थी. त्यांतली एक मुलगी बाबांपाशी येऊन म्हणाली, "आम्हाला नाव सांगत नाहीत. पण नखं इतकी नीट कापलेली होती, की आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. त्या खरंच सिस्टर होत्या ते आज कळलं."

बाबांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मग पेटी खाली उतरली, आणि पहिली मूठ माती त्यांनी टाकली. आईच्या पलीकडे ताई, आता जागा भरली. मला वाटलं, आता हा माणूस निवांत होईल.

तो फाटकापर्यंतही निवांत राहिला नाही. बाईंना गाठून म्हणाला, "त्या दिवशी शेजारच्या टेबलावर होते, ते कुठे गेले?"

बाई अडखळल्या. "ज्यांचं कुणी नसतं त्यांना नगरपालिका नेते. सगळ्यांना एकत्र पुरते. ते अजून आहेत आमच्याकडे. पुढच्या महिन्यात जातील."

"पाठवू नका," बाबा म्हणाले.

मंडळीच्या समितीत तो विषय तीन बैठका चालला. दफनभूमीच्या मागच्या भिंतीलगत झाडोऱ्याने भरलेली पट्टी होती, ती कॉलेजातल्या बेवारस देहांसाठी द्यावी, अशी बाबांची मागणी. प्रत्येक बैठकीला मी त्यांना पोहोचवायचे आणि भिंतीशी बसायचे. जागा कमी पडेल, म्हणाले. पायंडा पडेल, म्हणाले. पाळकसाहेब बाबांच्या बाजूने बोलले, पण त्यांचं मत एकच. तिसऱ्या बैठकीत खजिनदारांनी शेवटचा मुद्दा काढला.

"हे लोक ख्रिस्ती होते कशावरून? ते तारण पावलेत की नाही, आपल्याला काय ठाऊक?"

बाबा काठीवर भार देऊन उभे राहिले. "खरंय. मला ठाऊक नाही. तुमचंही मला ठाऊक नाही, माझंही नाही. निवाडा करायला एक जण नेमलेला आहे, आणि तो या समितीवर नाही. आपलं काम उघड्यावर पडलेल्याला झाकायचं. तेवढं करू, बाकी त्याचं तो करील."

मग खजिनदारांनीच पहिला हात वर केला. मला वाटलं पंखा बंद करायला सांगतायत, पण तो होकार होता.

त्या शनिवारी भिंतीलगत पहिला खड्डा खणला. पाळकसाहेबांनी छोटी प्रार्थना केली. मंडळीतून आम्ही मोजके लोक, आणि बाजूला तोंड करून उभे असलेले खजिनदार. माती सारखी झाल्यावर बाबा काठीने पट्टीची लांबी मापत कोपऱ्यापर्यंत गेले आणि भिंतीच्या फुगलेल्या दगडांवर हात फिरवला.

"गवंडी बघा चांगला," ते खजिनदारांना म्हणाले. "पावसाआधी ही भिंत नीट करून घ्यायला हवी. कॉलेजातून अजून दोघं यायचे आहेत."